भावाला न सांगायचं दुखणं

हाआपाई बेटं, १४ फेब्रुवारी १९८७

प्रिय भाऊ फिनेआसी,

देव तुला सांभाळो. तुझं नाताळचं पत्र आणि पांढऱ्या कोटातला फोटो गेल्या आठवड्याच्या जहाजाने पोचला. आई फोटो घेऊन चर्चमध्ये गेली. "माझा मुलगा सिडनीत नर्स आहे" हे वाक्य तिने एका रविवारात अकरा वेळा म्हटलं. अकरा हा आकडा माझा नाही, म्हातारी हेपी मागच्या बाकावर बसून मोजत होती.

आमच्याकडे यंदा मोठं काम आहे. नोव्हेंबरात चर्चला शंभर वर्षं होतात. बायकांच्या मंडळाने साठ हात लांब तापा, आपलं सालीचं कापड, द्यायचं कबूल केलंय. आईच्या हातांना कंप सुटल्यापासून मंडळाची मुख्य मी, तेव्हा कबूलही मीच केलं. सकाळपासून आम्ही आठजणी ओंडक्याशी बसून तुतीची साल मोगरीने कुटतो. आवाज पार धक्क्यापर्यंत जातो म्हणे.

एक विचारायचं होतं. तुमच्या इस्पितळात सांधेदुखीवर काय देतात? माझे गुडघे, मनगटं आणि मांड्या अधूनमधून धरतात. धरले की मोगरी उचलवत नाही, चुलीशी बसले तर उठताना खांब धरावा लागतो. मग आपोआप जातं. हेपी म्हणते, "फेकिताची मोगरी महिन्यातून चार दिवस उपास करते!" बायका हसतात, मीही हसते. पण साठ हात कापड हसून होत नाही. एखादं चोळायचं मलम असेल तर पाठव.

लिसिआतेची होडी दुरुस्त झाली. मुलं बरी आहेत. नीट जेवत जा.

तुझी बहीण,
फेकिता


सिडनी, ६ मार्च १९८७

आदरणीय ताई,

तुमचं पत्र वाचलं. मलम पाठवत नाही. हे मलमाचं दुखणं नाही.

तुम्हाला लोसे आठवते ना? तिचंही असंच सुरू झालं होतं. आज गुडघा, उद्या मनगट. आपण म्हणत होतो, पोरगी पाणी आणायचं टाळते. अकराव्या वर्षी तिचं हृदय थांबलं, तेव्हा कळलं की सांध्यांत शिरलेला ताप हृदयाला डसला होता. ताई, मी इथल्या मोठ्या डॉक्टरांना तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, हाच तो सांध्यांचा ताप. दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायलाच हवं, एकही चुकवायचं नाही.

दवाखान्यात आपल्या चुलत सेमिसीदादाला मी वेगळं पत्र लिहिलंय. तो व्यवस्था करील. तुमच्या बाबतीत मी पुढाकार घेणं शोभत नाही, हे मला कळतं. पण एक बहीण गेली. दुसरी जाऊ देणार नाही.

तुमचा नम्र भाऊ,
फिनेआसी


हाआपाई, २० एप्रिल १९८७

प्रिय भाऊ फिनेआसी,

तुझ्या काळजीने माझे डोळे भरले, हे आधी सांगते. आता बाकीचं.

दोन इंजेक्शनं झाली. सुई पिसिलावहिनीने टोचली आणि सेमिसी दाराबाहेर उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होता. ती सुई आहे की माशाचा काटा? दोन दिवस मला एका अंगावर बसावं लागलं. माझी मुलं मला लंगडी कोंबडी म्हणतात.

पण फिनेआसी, दुखणं गेलं नाही. इंजेक्शनं घेऊनही दोन्ही महिने ठरल्या वेळी आलं, चार दिवस राहिलं, निघून गेलं. हे दुखणं तारीख बघून येतं. मी चर्चच्या कॅलेंडरवर कोळशाच्या टिकल्या करून ठेवल्यात. तू शिकलेला आहेस, म्हणून विचारते. हृदयाचा आजार असा तारखा पाळतो का? मला ताप कधीच आला नाही. सूजही नाही. लोसेचा गुडघा नारळाएवढा झाला होता, मी पाय चेपायला बसायचे, मला आठवतो. माझा तसा नाही.

बायकांना इंजेक्शनचं कळल्यापासून त्या मला मोगरी धरू देत नाहीत. मी बसले की कुणीतरी उशी आणते. माझ्या हातात पंखा देतात आणि म्हणतात, "फेकिता, तू फक्त वारा घे!" मी चौतीस वर्षांची आहे, नव्वदची नाही.

मोठ्या डॉक्टरांना माझा तारखांचा प्रश्न विचार. विसरू नको.

फेकिता


सिडनी, १० मे १९८७

आदरणीय ताई,

तारखांचं उत्तर सोपं आहे. इंजेक्शनचा असर महिनाभर टिकतो आणि शेवटी उतरतो, तेव्हा दुखणं डोकं वर काढतं. म्हणजे औषध लागू पडतंय. मोठे डॉक्टरही असंच म्हणाले.

आता मी जे लिहितो त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. कुटण्याचं काम बंद करा. पाण्याच्या बादल्या उचलू नका. लिसिआतेभावोजींनाही निरोप द्या की आणखी मूल नको. आणि तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी पाद्रीबाबांना लिहिलंय, की मंडळाचा भार तुमच्यावरून काढावा.

तुम्ही रागवाल. रागवा. माणूस जिवंत असलं तरच रागावतं.

तुमचा भाऊ,
फिनेआसी


हाआपाई, २८ मे १९८७

फिनेआसी,

हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून जाळून टाक.

पाद्रीबाबांनी तुझं पत्र रविवारी सगळ्यांसमोर वाचलं. "आपल्या फेकिताच्या दुबळ्या हृदयासाठी प्रार्थना करू या." मी पहिल्या बाकावर होते. सगळं गाव माझ्या छातीकडे बघत होतं. सोमवारी मंडळ हेपीच्या सुनेकडे गेलं. ती बाई मनाने चांगली आहे, पण तिला कोवळी साल आणि जून साल यांतला फरक हात लावून कळत नाही. दहा दिवसांत त्यांनी चार हात कापड केलं आणि त्यात दोन भोकं पाडली. आई माझ्यासमोर बसून रडते. तिला वाटतं, आता मीही लोसेच्या वाटेने जाणार. लिसिआते रात्रीचा पाठ फिरवून झोपतो, मला धक्का लागू नये म्हणून.

हे सगळं एका शब्दासाठी. तो शब्द मी तुझ्यापासून लपवला. आता लिहिते.

माझं दुखणं पाळीचं आहे.

लिहिला. पाळी यायच्या तीन दिवस आधी गुडघ्यांपासून सुरू होतं, मांड्या जड होतात, मनगटात खिळा मारल्यासारखं होतं, कंबर धरते. पाळी आली की दुसऱ्या दिवशी उतरतं. धाकट्याच्या जन्मानंतर हे असं झालं. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या कॅलेंडरवर मिळून सात महिन्यांच्या टिकल्या आहेत आणि एकाही महिन्यात ते चुकून दुसऱ्या वेळी आलेलं नाही. तुझ्या इंजेक्शनच्या आधीही ते असंच यायचं, तेव्हा तुझं "असर उतरतो" हे उत्तर खोटं ठरतं.

तू बारा वर्षांचा झालास आणि तुला मुलांच्या घरात झोपायला पाठवलं. त्या दिवसापासून आपण एका छपराखाली निजलो नाही, तू माझ्यासमोर कधी वावगा शब्द काढला नाहीस, मी येताना दिसले तर वाटेतून बाजूला होत आलास. तो मान मी आयुष्यभर मिरवला. आज मी तो स्वतःच्या हाताने मोडते आहे. मला लाज वाटत नाही असं समजू नको. हे पान मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.

पण दुसरं कुणाला सांगू? गावात औषधाचा माणूस एकच, सेमिसी, आणि तो चुलत असला तरी भाऊच. पिसिलाला सांगितलं तर ती हसली. "अगं, थोडंफार सगळ्यांनाच होतं. आणि मी ह्यांना काय सांगू? सिडनीच्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं म्हणून?" प्रत्येक दार तुझ्या मोठ्या डॉक्टरांपाशी येऊन बंद होतं. म्हणून मी सरळ त्या दारावर थाप मारते आहे.

तू तिथे परक्या बायकांना रोज असलं विचारत असशील. तेव्हा तुझी जीभ अडखळते का? हे पत्र वाचताना माझा भाऊ होऊ नको. नर्स हो. डॉक्टरांकडे जा, मी लिहिलंय ते शब्दाला शब्द सांग आणि ते म्हणतील ते मला शब्दाला शब्द कळव. पुढचं इंजेक्शन मी घेईन, कारण मी मूर्ख नाही आणि लोसेला मीही विसरलेले नाही. पण उत्तर आल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

फेकिता


हाआपाई, २ जुलै १९८७

फिनेआसी,

दोन जहाजं आली. तुझं पत्र नाही.

तुला माझा राग आला असेल, किळस आली असेल, तर तसं लिही. मी शब्द मागे घेत नाही. ऑगस्टच्या जहाजाने मी स्वतः नुकुआलोफाच्या मोठ्या इस्पितळात जाणार आहे. तिथे बाई डॉक्टर आहे असं पिसिला म्हणते. तुझ्या उत्तरासह जाईन किंवा त्याच्याशिवाय. लिसिआतेला मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ जाळं विणत बसला आणि मग म्हणाला, "मग इतके दिवस मी पाठ का फिरवून झोपलो?"

फेकिता


सिडनी, १२ जुलै १९८७

आदरणीय ताई,

राग नाही. किळस तर नाहीच. पाच आठवडे मी रोज कागद घेऊन बसलो आणि रोज फाडला, कारण तुमच्या पत्राला खरं उत्तर द्यायचं तर आधी मला माझं खरं लिहावं लागणार होतं.

ताई, मी नर्स नाही.

परीक्षेत दोनदा नापास झालो. मी इस्पितळात ढकलगाडी ढकलतो. पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं, परत आणायचं. फोटोतला कोट माझ्या खोलीतल्या मित्राचा आहे. मोठ्या डॉक्टरांना मी तुमच्याबद्दल कधीच विचारलं नाही. लिफ्टमध्ये ते माझ्या शेजारी उभे असतात, पण त्यांना माझं नावही ठाऊक नाही. भिंतीवर एक कागद लावलाय, सांध्यांच्या तापाचा. तो मी रोज वाचत जायचो. तुमचं पत्र आलं तेव्हा कागदातली पहिली ओळ आणि लोसे, एवढंच दिसलं. पुढच्या ओळीत "ताप आणि सूज" लिहिलेलं होतं. ती मी वाचूनही वाचली नाही. बाकी सगळं मी मोठ्या डॉक्टरांच्या तोंडी घातलं, कारण ढकलगाडीवाल्याचं कुणी ऐकलं नसतं.

तुम्ही इतके महिने जी सुई सोसली, ती माझ्या खोट्याची.

गेल्या मंगळवारी मी डॉक्टर हॅलोरन नावाच्या बाईंपाशी गेलो. बायकांच्या वॉर्डात असतात, केस पिकलेले, बोलायला फटकळ. व्हरांड्यात त्यांना गाठलं. म्हटलं, "माझ्या एका मित्राची बहीण आहे..."

"मित्राची?" त्या म्हणाल्या.

"माझी," मी म्हटलं. आणि ताई, तुमचं पत्र मी जाळलं नव्हतं. ते समोर धरून मी शब्दाला शब्द त्यांना इंग्रजीत सांगितलं. मान वर केली नाही. कान इतके तापले की त्यांनी मला खुर्ची दिली.

त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीने सात महिने टिकल्या केल्या? इथल्या शिकलेल्या बायका करत नाहीत. माझं अर्धं काम तिने केलंय."

आता त्यांचं म्हणणं, जसंच्या तसं. पाळीच्या आधी अंगातले रस वरखाली होतात. काही बायकांचे स्नायू आणि सांधे त्या दिवसांत खरोखर दुखतात. ते मनाचे खेळ नाहीत आणि आळसही नाही. दुखणं सुरू होण्याच्या सुमाराला, टिकल्या बघून, जेवणानंतर गोळी घ्यायची. गोळ्यांचं नाव आणि प्रमाण त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिलंय, तो सोबत आहे. पोट बिघडलं तर बंद करायची. गरम शेक घ्यायचा. अंथरूण धरायचं नाही. हिंडतं राहायचं, पण जड काम त्या चार दिवसांत हलकं करायचं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. घरात लोसे गेलेली असल्यामुळे एकदा मोठ्या इस्पितळात हृदय ऐकवायचं, रक्त तपासायचं. तोवर इंजेक्शन स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही. सांधा सुजला, लाल झाला, ताप आला, धाप लागली किंवा दुखणं महिनाभर राहिलं, तर ते दुसरं काही असेल. लगेच जायचं.

आज याच टपालाने आणखी तीन पत्रं जाताहेत. एक पाद्रीबाबांना, एक सेमिसीदादाला, एक आईला. तिघांनाही मी काय आहे आणि काय नाही ते लिहिलंय. तुमचा तो शब्द त्यात नाही. तो कुणाला सांगायचा ते तुम्ही ठरवा. आईचं पत्र सगळ्यात अवघड गेलं.

तुमचा भाऊ,
फिनेआसी


हाआपाई, ३० सप्टेंबर १९८७

प्रिय फिनेआसी,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू पुन्हा पहिलीच ओळ वाचशील.

तुझी पत्रं आली त्या दिवशी आईने तुझा फोटो भिंतीवरून काढला आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ताटलीतली अळकुडी सोलता सोलता म्हणाली, "ढकलगाडीत माणूसच असतं ना?" मी म्हटलं, "हो." "आजारी?" "हो." मग तिने फोटो पुसला आणि परत लावला. रविवारी हेपीने मुद्दाम विचारलं, "काय गं, तुझा नर्स काय म्हणतो?" आई म्हणाली, "तो आजारी माणसं वाहून नेतो. तुझा मुलगा काय वाहून नेतो? रोज रात्री ढोसायच्या कावाचं भांडं!" परीक्षेला तिसऱ्यांदा बसायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र सांगेन, बस. या खेपेला दुसरी ओळसुद्धा वाच.

मी तुझ्यावर रागावले होते. बादली उचलताना, उशी बघताना, पंखा बघताना. पण तू व्हरांड्यात उभा राहून माझं पत्र मोठ्याने वाचलंस, तिथे तो राग संपला.

ऑगस्टमध्ये लिसिआतेबरोबर नुकुआलोफाला गेले. जहाजावर रात्रभर ओकले, आणि नेमके टिकल्यांचे दिवस. इस्पितळाच्या पायऱ्या कठडा धरून चढले. बाई डॉक्टर तरुण होती, आपल्याच बेटांकडची. तिने हृदय पुढून ऐकलं, मागून ऐकलं, डाव्या कुशीवर वळवून ऐकलं. गुडघे दाबले. रक्त घेतलं. दोन दिवस आम्ही लिसिआतेच्या मावशीकडे थांबलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हृदय स्वच्छ. तुम्हाला सांध्यांचा ताप झाल्याची खूण नाही. इंजेक्शन बंद." तुझ्या डॉक्टरबाईंचा कागद तिने वाचला आणि मान डोलावली. लिसिआते बाहेर बाकावर बसला होता. मी बाहेर आले, त्याने माझं तोंड बघितलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून बसून राहिला.

परत आल्यावर मी सरळ ओंडक्याशी गेले आणि हेपीच्या सुनेसमोर हात पुढे केला. तिने मोगरी इतक्या झटक्यात दिली, जणू हातात निखारा होता! मग मी बायकांना सगळं सांगितलं. तो शब्दही. कुणी हसलं नाही. हेपी बराच वेळ साल उलटीसुलटी करत होती. मग म्हणाली, "मी तीस वर्षं ते चार दिवस मनगटाला चिंधी बांधून कुटत आले. आई म्हणायची, दात आवळ." आठजणींपैकी, हेपी सोडून, आणखी तिघी तशाच निघाल्या, फिनेआसी. एकीची कंबर, एकीचे खांदे, एकीच्या पोटऱ्या. आता आम्ही कॅलेंडरवर चौघींच्या टिकल्या करतो, चार रंगांनी. जिचे दिवस आले ती कुटायला बसत नाही. ती उभ्याने रेघा आखते, डिंक लावते, पट्ट्या जोडते. काम थांबत नाही, माणूस बदलतं. आज चव्वेचाळीस हात झालंय. भोकं पडलेले चार हात आम्ही फाडून पुन्हा केले.

दुखणं गेलं म्हणू नको. गेल्या आठवड्यात आलं होतं. गोळी जेवणानंतर घेतली, लिसिआतेने दगड तापवून केळीच्या पानात गुंडाळून दिला, मी दिवसभर रेघा आखल्या. पूर्वी दहा आणे दुखायचं ते चार आणे दुखलं. चार आण्यांशी मी भांडू शकते.

आता सेमिसीचं. मला वाटलं, एवढ्यावर सोडलं तर उद्या दुसऱ्या कुणाला पुन्हा सुई लागेल. दवाखान्याच्या वहीत माझ्या नावापुढे अजून "हृदय" लिहिलेलं होतं. म्हणून मी गेले. सेमिसी मला बघून उठला. मी म्हटलं, "वहिनी, यांना सांग, बसा." पिसिला मधे बसली. सेमिसीने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला, मांडीवर वही. मी पिसिलाला सांगायचे, पिसिला त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, तेच पुन्हा मोठ्याने त्याच्या पाठीला सांगायची. तो लिहायचा. त्याचे कान तुझ्यासारखेच तापले असणार, मागून लाल दिसत होते. पण त्याने एकही वाक्य गाळलं नाही. मधेच म्हणाला, "पिसिला, विचार तिला, पाळीच्या आधी किती दिवस?" तो शब्द, त्याच्या तोंडून! मग मी म्हटलं, "तीन," आणि पिसिला म्हणाली, "तीन," आणि त्याने तीन लिहिलं. "हृदय" खोडलं.

मी निघाले, तर तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "पिसिला, आणखी एक विचार. आपली पोर उनाइसी दर महिन्याला दोन दिवस शाळेला जात नाही. पाय दुखतात म्हणते. मी तिला आळशी म्हणत आलो. चारचौघांतसुद्धा म्हटलं. ते..."

मी म्हटलं, "वहिनी, सांग यांना, हे मला नाही, तिला विचारायचं."

पिसिलाने ते त्याला सांगितलं नाही. ती उठली, दारात गेली आणि तिने उनाइसीला हाक मारली.

तुझी बहीण,
फेकिता